सहा वाजून दहा मिनिटांचा फोन

बेंगळुरू,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. बाबांस आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला बसले, कारण हे फोनवर बोलून होत नाही. फोनवर बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि आई विषय बदलून मी काय जेवले ते विचारते.

आधी काय ठरवलंय ते सांगून टाकते. दिवाळी पाडव्यापासून रोज सकाळी ७ ते ९ एक मुलगा घरी येणार आहे. वाईतल्याच एका वैद्यांकडे तो ५ वर्षं अभ्यंगाचं काम करतोय. बाबांना तेल लावायचं, अंघोळीचं पाणी काढून द्यायचं, अंघोळ होईपर्यंत दाराशी थांबायचं आणि मग न्हाणीघर घासून कोरडं करायचं, एवढं त्याचं काम. त्याच्याशी बोलणं झालंय आणि पहिल्या महिन्याचे पैसेही दिलेत. त्याच्या आदल्या आठवड्यात गवंडी येईल. ती झिजून गुळगुळीत झालेली शहाबादी काढून खरखरीत फरशी बसवेल आणि भिंतीला दोन ठिकाणी धरायला दांड्या लावेल. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे खरं आहे. माझ्यावर रागवा, पण त्या मुलाला परत पाठवू नका.

भाद्रपदात बाबा घसरून पडले त्या सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी बाबांचा फोन आला होता. मी ऑफिसच्या बससाठी धावत होते, फोन कापला. संध्याकाळी केला तेव्हा बाबा म्हणाले, "काही नाही गं, सहज केला होता." भुवईवरचे ३ टाके आणि सुजलेलं मनगट मला ४ दिवसांनी कळलं, तेही आत्याकडून. हाड मोडलं नाही ही कृष्णाबाईची कृपा. शनिवारी घरी पोचले तेव्हा न्हाणीघराबाहेरच्या कोब्यावर तेलाचा डाग तसाच होता. आईनं दोनदा पुसला होता म्हणे. पाचही बोटं स्पष्ट उमटलेली, आणि टाचेच्या जागी वीतभर लांब ओरखडा. त्या डागाशेजारी मी किती वेळ बसले होते ते तुम्हाला सांगितलं नाही. अजूनही पहाटे जाग आली की आधी तो डाग दिसतो.

बाबा, तुमची दिनचर्या मला मोडायची नाही, हे मनापासून सांगते. आप्पांकडून तुमच्याकडे आली आणि तुम्ही ती मिरजेच्या त्या वर्षातसुद्धा सोडली नाहीत. साडेचारला उठणं, तांब्याभर पाणी, करंजाच्या काडीनं दात, तेलाच्या गुळण्या, अंगाला तेल, २४ सूर्यनमस्कार, गार पाण्याची अंघोळ. पंचाहत्तरीला तुमची पाठ ताठ आहे, ती त्यामुळेच. पण तुम्ही नेहमी वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथाचा दाखला देता, म्हणून मीही यंदा दिनचर्येचा अध्याय नीट वाचला. ब्राह्ममुहूर्तावर उठावं असं जिथे आहे तिथे 'स्वस्थ' हा शब्द आहे. ज्याची प्रकृती ठीक आहे त्यानं उठावं. रात्री तीनदा उठणाऱ्या माणसानं साडेचारचा गजर लावावा असं वाग्भटानं कुठेही म्हटलेलं नाही. आणि ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा वेळ. सध्या सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेपाचला उठलात तरी ब्राह्ममुहूर्तच आहे.

उठल्यावर लगेच उभं राहायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना झटकन उठलं की दाब एकदम खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या दिवशी तेलाआधी तेच झालं असणार, असं डॉक्टरही म्हणाले. पाय पलंगाखाली सोडून दोन मिनिटं बसा, मग दिवा लावा आणि मगच उठा. दिवा लावल्यानं आईची झोप मोडते म्हणून तुम्ही अंधारात चाचपडता, हे मला माहीत आहे. म्हणून उशाशी छोटा दिवा पाठवतेय, त्याचा उजेड फक्त जमिनीवर पडतो.

तांब्याभर पाणी एका दमात नको. कोमट पाणी, एक पेला, बसून, घोटघोट. दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळता तीही बंद करा, तिनं रक्तदाब वाढतो. खोकल्यासाठी वैद्यांनी दिली होती ती गोष्ट निराळी, तो खोकला कधीच गेला. नाकात तेल सोडण्याऐवजी करंगळीला लावून आतून फिरवा. आडवं होऊन थेंब सोडलेत की तुम्हाला ठसका लागतो, आणि या वयात ते तेल छातीत उतरलं तर त्रास होतो. सर्दी असेल त्या दिवशी तेही नको.

सूर्यनमस्कारांचं बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलते. व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा असं ग्रंथातच आहे. अर्धी शक्ती ओळखायची कशी तेही सुश्रुतानं सांगितलंय: श्वास तोंडानं घ्यावा लागला की थांबायचं. आता तुम्हाला ते सहाव्या नमस्काराला होत असेल तर ६ नमस्कार पुरे झाले. वृद्धानं व्यायाम सोडावा असंही वाग्भट म्हणतो. ते मात्र मला पटत नाही, तुमच्या डॉक्टरांनाही पटत नाही. घाटापर्यंत चालत जा, गणपतीला हात जोडा आणि परत या. फक्त उजाडल्यावर. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, वरूनच दर्शन.

आता तेल. तेल थांबवा असं मी म्हणतच नाही. अभ्यंगानं म्हातारपण, श्रम आणि वात जातो असं ग्रंथात आहे आणि डोकं, कान, पाय यांना विशेष लावावं असंही आहे. तेव्हा डोकं आणि कान सकाळी, पाय मात्र रात्री. पलंगावर बसून पायांना तेल लावायचं, वर जुने सुती मोजे घालायचे आणि झोपायचं. पाय पुसल्याशिवाय जमिनीला टेकायचे नाहीत. सकाळचं तेल तो मुलगा खुर्चीत बसवून लावेल, मसुराच्या पिठानं चोळून काढेल, मग अंघोळ. पीठ मोरीत जाऊ द्यायचं नाही, आधी कागदावर झटकायचं, नाहीतर पाणी तुंबतं आणि पुन्हा घसरण. पाणी अंगावर गरम घ्या, डोक्यावर कोमटच. गार पाणी या थंडीत नकोच.

बाबा, परका माणूस अंगाला हात लावणार, हे तुम्हाला जड जाणार आहे. म्हातारा झालो असं वाटेल. तसं काही नाही. राजेरजवाड्यांनाही तेल लावायला माणसं होती, तुम्हीच सांगायचात. आणि खरं कारण तुमचं पडणं नाहीच. खरं कारण आई आहे.

आई, तू हे वाचून "माझं काय" म्हणशील, म्हणून आता तुझ्याशी बोलते. बाबांच्या साडेचारसाठी तू ४ वाजता उठतेस. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतेस, पंचा उन्हाचा वास येईल असा कडक वाळवून घडी घालतेस, नमस्कारांची चटई अंथरतेस आणि उचलतेस. ४८ वर्षं. लहानपणी मला वाटायचं तेल आपोआप कोमट असतं. तुझ्या स्वतःच्या टाचांना भेगा पडल्यात, गणपतीत मी पाहिल्या. त्यात हळदीचा रंग बसलाय. बाबांच्या दिनचर्येत तुझी दिनचर्या कधी आलीच नाही. बाबा, यात तुमचा दोष काढत नाही. आप्पांच्या घरात तसंच होतं, आणि आईनंही कधी तोंड उघडलं नाही.

तर आई, ७ ते ९ तू स्वयंपाकघरात जायचं नाही. चहा तो मुलगा करेल, त्याला सांगितलंय. तू उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तासभर दुसरं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. ते गरम पाण्यात लिंबू-मध बंद. एक तर गोळीवर घेतेस, आणि मध गरम पदार्थाबरोबर घेऊ नये हे तर आयुर्वेदातच आहे. फोनवर येणारे संदेश लिहिणाऱ्यांनी ते वाचलेलं नसतं. तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळून ठेवायचं नाही, त्यात फक्त पाणी. डोळ्यांत एरंडेलाचं काजळ, मध, गुलाबपाणी, काही म्हणजे काही घालायचं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबसुद्धा नको. तेलाच्या गुळण्या मात्र तूही कर, तुझ्या हिरड्यांना बरं वाटेल. तेल बेसिनमध्ये न थुंकता झाडाच्या बुंध्याशी.

मग खिडकीपाशी बस. मावशीनं दिलेल्या त्या वेताच्या खुर्चीत. पुढचा अर्धा तास तुझा. हातांना, गुडघ्यांना, टाचांना तेल लाव, स्वतःच्या हातानं, सावकाश. सांध्यावर गोल, हाडावर लांब. तूच मला असं शिकवलं होतंस.

काल रात्री काशाची वाटी आठवली. दहावीच्या परीक्षेत मला झोप यायची नाही, तेव्हा बाबा माझ्या तळपायाला तूप लावून त्या वाटीनं घासायचे. वाटीखालचं तूप काळं व्हायचं आणि बाबा म्हणायचे, "बघ, केवढी उष्णता निघाली." ते काळं काशाचं असतं, हे मला मोठेपणी कळलं. पण झोप खरी होती. बाबांचा अंगठा टाचेवरून बोटांकडे यायचा आणि करंगळीपाशी पोचायच्या आत मी झोपलेली असायचे. आई दारात उभी राहून म्हणायची, "झोपली का हो?" त्या आवाजासाठी मी कितीदा जागी राहून झोपल्याचं सोंग केलंय.

मी तिथे असते तर यातलं काही परक्याला सांगावं लागलं नसतं. हे रोज वाटतं. नोकरी सोडून यावं असं दोनदा ठरवलं, दोनदा बाबांनीच "वेडी का" म्हटलं. घराचे हप्ते आहेत, मुलीचं बारावीचं वर्ष आहे, ह्यांची बदली होत नाही. ही कारणं खरी आहेत, तरी सांगताना घसा कोरडा पडतो. मेमध्ये महिनाभर येतेय, रजा मंजूर झाली आहे. तोवर पैशांचा विषय काढू नका. माझ्या पहिल्या पगारातून तुम्ही काही घेतलं नव्हतंत, ते मला अजून लागलेलं आहे. हे त्यातलं समजा.

मीही इथे सकाळी तेल लावते. वेळ थोडा असतो, म्हणून फक्त कान आणि तळवे. वाईच्या घाण्यावरची बाटली जपून वापरतेय. झाकण उघडलं की आपलं माजघर समोर येतं.

बाबा, तळव्यांचं एक राहिलं. तुमची साखर थोडी वरच असते, म्हणून रात्री तेल लावताना दोन्ही तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यात चिरा, फोड, लाली दिसली की त्या दिवशी तिथे तेल नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तुम्हाला वाकून दिसत नसेल तर आई बघेल, आणि आईच्या टाचा तुम्ही बघायच्या. तिला तेल लावून दिलंत तर ती संकोचेल. तरी लावा.

ऑफिसची वेळ मी बदलून घेतली आहे. पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी मी फोन करेन. त्या वेळी दोघांनी पलंगावर बसलेलं असायचं, पाय जमिनीला टेकलेले, हातात पाण्याचा पेला. आधी आई बोलेल, मग बाबा.

तुमची,
चिमी

ता. क. काशाची वाटी फळीवर ताकाच्या रवीमागे आहे, गणपतीत मीच ठेवली होती. चिंचेनं घासून ठेवा. मेमध्ये मी बाबांच्या पायांना लावणार आहे.