मालिकांची गावं दाखवायचीयत ना, मग आधी त्या गावांची सोय बघा : पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी आमच्या महिला मंडळाच्या सहली ठरवते, गेली अकरा वर्षं हेच काम करतेय. अष्टविनायक झालं, गणपतीपुळे झालं, पंढरपूर तर तीनदा झालं. मागच्या हिवाळ्यात बायका म्हणाल्या यंदा देव नको, यंदा मालिकांची गावं बघायची, म्हणजे जी घरं आपण रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता बघतो, ज्या ओसरीवरची भांडणं आपल्याला पाठ आहेत, ती खरोखर कुठं आहेत ते बघायचं. मला कल्पना फार आवडली. शोधाशोध केली तर एका ट्रॅव्हल्सवाल्यांची दोन दिवसांची लोकेशन टूर मिळाली, माणशी तीन हजार आठशे, सोबत गाइड. आम्ही सेहेचाळीस जणी निघालो. त्या दोन दिवसांत जे बघितलं ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र लिहितेय, आणि एक मागणी आहे, ती पुढे सांगतेच.

पहिला थांबा वाईजवळ मेणवली. गाइड मुलगा चांगला होता, बोलका, पण त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. घाटावर उतरल्यावर तो म्हणाला इथं स्वदेस सिनेमाचं शूटिंग झालं, अर्धा तास आहे, फोटो काढून घ्या. बस. आता मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, कृष्णेचा तो अख्खा घाट आहे, आणि घाटावरच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे जिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ साल आहे. पोर्तुगीजांची घंटा! १७३९ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. हे मला माहीत होतं कारण मी आधी वाचून गेले होते, मी सांगायला लागले तशा निम्म्या बायका फोटो सोडून घंटेभोवती जमल्या आणि तो गाइड पण येऊन ऐकत उभा राहिला, म्हणाला ताई हे मला कुणी सांगितलंच नाही. त्या पोराचा काय दोष साहेब? लोक शूटिंगच्या नावानं येतात हे खरं, पण एकदा आली की त्यांना सगळं ऐकायचं असतं. सांगणारा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेलो ज्याच्यासाठी सगळ्या जणी आल्या होत्या. गावाचं नाव लिहीत नाही, मालिकेचंही नाही, कारण त्या माणसांना आधीच पुरेसा त्रास होतोय. गाडी गावात शिरायलाच जागा नव्हती, एवढी बावन्न सीटर गाडी त्या बोळात घातली, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, पाऊण तास दोघं अडकले, शेतकरी चिडलेला आणि त्याचं बरोबरच होतं, कारखान्यावर त्याचा नंबर जायची वेळ आली होती. मग आम्ही चालत गेलो. दारात एक आज्जी उभ्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, "या की आत, पर चपला काढा तेवढ्या."

अंगणात तुळशीवृंदावन होतं. आमच्यातल्या एक काकू, त्यांचे मिस्टर दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्या दोन वर्षांत दोघंही रोज ती मालिका बघायचे, मिस्टर गेले आणि पुढं काही महिन्यांनी मालिकाही संपली. काकू त्या वृंदावनाशी गेल्या आणि हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या, आम्ही कुणी काही बोललो नाही. आज्जी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "हे शूटिंगवाल्यांचं न्हाई बरं का, हे माझ्या सासूनं बांधलंय." काकूंना अजूनच भरून आलं. मग दोघी बराच वेळ पायरीवर बसल्या होत्या. मालिका बघणाऱ्यांना नावं ठेवणारे खूप आहेत, रिकामटेकड्या बायका म्हणतात, त्यांनी तो अर्धा तास बघायला हवा होता.

पण पुढचं ऐका. गाडी निघाल्यापासून चार तास झाले होते, वाटेत धड टॉयलेट नाही, त्यामुळे सेहेचाळीस बायकांची त्या घरच्या एका संडासापुढे रांग लागली. पिंपातलं पाणी संपलं. त्यांची सून कडेवर पोर घेऊन दोन हंडे पाणी बाहेरून आणायला गेली आणि मला शरमेनं मान वर करता येईना. आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे गोळा केले, आज्जींनी हात पण लावला नाही, पाहुण्यांकडनं कसले पैसे म्हणाल्या. मी विचारलं शूटिंगवाले भाडं देत होते ना? तर म्हणाल्या, "तवा द्यायचे. शूटिंग संपलं, भाडं थांबलं, माणसं काय थांबली न्हाईत." रविवारी दहा-बारा गाड्या येतात. कुणीतरी झोपाळ्यावर चौघं बसले, कडी उपटली. कुणीतरी न्हाणीचं दार ढकलून फोटो काढला, आत सून पोराला आंघोळ घालत होती. आणि आमचे माणशी तीन हजार आठशे, गुणिले सेहेचाळीस, त्यातला एक रुपया त्या उंबऱ्याच्या आत गेला नाही.

परत येताना गाडीत हेच चाललं होतं, भेंड्या नाहीत काही नाही. एक जण म्हणाली आपण यायलाच नको होतं. मला तसं वाटत नाही. यायलाच हवं, पण असं नाही.

साहेब, आपल्याकडे या गोष्टीला किती वाव आहे बघा. २०१६ला रात्रीस खेळ चाले ही मालिका आली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा घराघरात पोचला, लोक गोव्याला जाताना वाकडी वाट करून तिथं थांबायला लागले. त्याच वर्षी तुझ्यात जीव रंगलामुळे कोल्हापूरजवळचं वसगडे माहीत झालं. सातारा-वाई भागात तर कायम कुठलं ना कुठलं युनिट मुक्कामाला असतंच. कोल्हापूरला मोरेवाडीत चित्रनगरी आहे, गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७पासून आहे. शेजारी बघा, कर्नाटकात आगुंबे. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात मालगुडी डेज लागायची, तिचं शूटिंग तिथं झालं, आज इतक्या वर्षांनी लोक तिथलं ते दोड्डमने, म्हणजे मालिकेतलं जुनं मोठं घर, बघायला जातात आणि ज्या अरसाळू स्टेशनवर शूटिंग झालं तिथं रेल्वेनं २०२०मध्ये मालगुडी म्युझियम केलं. एका छोट्या स्टेशनचं!

बाहेरच्या देशांत तर यावर गावंच्या गावं चालतात. उत्तर आयर्लंडमध्ये गेम ऑफ थ्रोन्सचं शूटिंग झालं, बेलफास्टहून रोज कोच निघतात, गाइड त्याच भागातले. तिथं डार्क हेजेस म्हणून एक रस्ता आहे, दोन्ही बाजूंनी अठराव्या शतकात लावलेली बीच नावाची झाडं, मालिकेत थोडाच वेळ दिसला आणि गाड्यांची रीघ लागली, इतकी की झाडांच्या मुळांवरून चाकं जायला लागली. मग २०१७मध्ये त्यांनी तो रस्ता गाड्यांना बंद केला, आता गाडी लांब लावायची आणि चालत जायचं. २०१६च्या वादळात त्यातली झाडं पडली तर त्या लाकडाचे दहा कोरीव दरवाजे केले, मालिकेतले प्रसंग कोरून, आणि ते वेगवेगळ्या गावांतल्या पबमध्ये बसवले. म्हणजे गर्दी एका जागी न साचता दहा गावांत वाटली गेली. मला हे वाचून इतका हेवा वाटला सांगू.

आणि वेळेवर सोय केली नाही की काय होतं तेही बघा. अमेरिकेत अल्बुकर्कीला ब्रेकिंग बॅडमधलं घर आहे, तिथं खरंच एक कुटुंब राहायचं. मालिकेत एकदा पिझ्झा छपरावर फेकलाय म्हणून लोक खरोखर येऊन त्यांच्या छपरावर पिझ्झा फेकायचे. शेवटी २०१७ला त्यांनी घराभोवती उंच लोखंडी कुंपण घातलं. आपल्या आज्जींचं अंगण अजून उघडं आहे, तुमच्या हातात वेळ आहे.

आता मागणी. मालिका दर्शन नावाची गाडी सुरू करा, एसटीची. एसटी अष्टविनायक दर्शनाला गाड्या सोडतेच, पुण्यात पीएमपीची पुणे दर्शन बस आहेच, म्हणजे नवीन काही शोधायचं नाहीये. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ते या गाडीलाही लावा, कारण येणाऱ्या बहुतेक आम्हीच असणार. पण गाडी सुरू करायच्या आधी गावाबाहेर पार्किंग आणि बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेलं टॉयलेट झालं पाहिजे, ते झाल्याशिवाय नारळ फोडू नका, हात जोडून सांगते. मोठी गाडी गावात न्यायचीच नाही. एका घरी दिवसाला किती माणसं जाणार ते घरच्यांनी ठरवायचं, आठवड्यातून कुठला वार बंद ठेवायचा तेही त्यांनीच, आणि खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांनाही त्याच यादीत नाव लावूनच येता आलं पाहिजे, नाहीतर एसटी शिस्तीत उभी आणि बाकीचे थेट दारात असं होईल.

तिकिटातला ठरलेला वाटा घरमालकाला आणि ठरलेला वाटा ग्रामपंचायतीला, थेट खात्यात. हे कागदावर पाहिजे, तोंडी नको. आणि सगळ्यात सोपं म्हणजे शूटिंगची परमिशन देतानाच निर्मात्याशी बोलून घ्या की मालिका संपल्यावर गावाला काय ठेवून जाणार. चार मोठे फोटो, एक माहितीचा बोर्ड, कपड्यांचा एखादा जोड, एवढं दिलं तरी शाळेच्या एका खोलीत छान मांडता येईल. म्हणजे लोक तिथं बघतील, कुणाच्या माजघरात डोकावणार नाहीत.

गाइड गावातलीच मुलंमुली घ्या. शूटिंगच्या वेळी गावातली कितीतरी पोरं युनिटसोबत असतात, कुणी स्पॉटदादाच्या हाताखाली, कुणी गर्दीच्या सीनमध्ये. आज्जींच्या नातवानं आम्हाला जे सांगितलं ते ऐकून बायका थक्क झाल्या होत्या, की भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून रात्र कशी करतात, पावसाचा सीन असला की टँकर कसा येतो, ऊन कडक पडू नये म्हणून अख्ख्या अंगणावर पांढरं कापड कसं ताणतात, आणि आपण बघतो ते देवघर त्या घरात नाहीच, ते मुंबईकडच्या स्टुडिओत आहे, इथं फक्त बाहेरचे सीन. हे आधी कळलं असतं तर आमच्यातल्या दोघी-तिघी देवघर कुठंय म्हणून आत शिरल्या नसत्या. त्या पोराला महिनाभर ट्रेनिंग द्या, गावाचा इतिहास शिकवा, ओळखपत्र द्या, तो नोकरीसाठी पुण्याला कशाला जाईल?

मला कळतं की हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. चित्रनगरी सांस्कृतिक कार्य खात्याकडे, एसटी परिवहनकडे, ग्रामपंचायत ग्रामविकासकडे. म्हणूनच आजवर कुणी केलं नसावं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं काम आहे. कुणीतरी एकानं बाकीच्यांना बोलवून घ्यायला पाहिजे आणि ते पर्यटन खात्यानं करावं असं मला वाटतं. सगळ्या गावांत एकदम नको, आधी दोनच गावं घ्या, एक घाटावरचं, एक कोकणातलं, आणि पहिल्या बैठकीला त्या घरांतल्या बायकांना बोलवा. फक्त सरपंचांना नको, कारण पाण्याचे हंडे सरपंच आणत नाहीत.

निघताना आज्जींनी मला बाजूला घेतलं आणि एक वहीचा कागद दिला, त्यावर नातवाचा मोबाइल नंबर होता. म्हणाल्या, "पुन्यांदा आलासा तर दोन दिस आधी फोन करा, म्हंजी अंगण सारवून ठेवते आन् पाणी भरून ठेवते." तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. येत्या थंडीत बायका पुन्हा जायचं म्हणतायत, मी अजून हो म्हटलेलं नाही, तुमच्या खात्याकडून काय कळतं त्याची वाट बघतेय.

आपली नम्र,
महिला मंडळाच्या सहली ठरवणारी एक प्रेक्षक