प्रश्न त्यांनाच विचारा

महोदय,

रायगडच्या पालकमंत्रिपदाची बातमी दिसली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. म्हसळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी ३१ वर्षं गेली. निवृत्तीनंतर मुलाकडे नेरुळला आले, पण जीव अजून तिकडेच आहे. या बातम्यांत एक गोष्ट सतत खटकते. १८ जानेवारी २०२५ च्या यादीत नाव होतं अदिती तटकरे यांचं, दुसऱ्याच दिवशी स्थगिती आली तीही त्यांच्याच नियुक्तीला. आणि बातम्यांत भांडण रंगतं ते या पदावर दावा सांगणारे शिवसेनेचे भरत गोगावले आणि अदितीताईंचे वडील सुनील तटकरे यांचं.

हे पद झेंडावंदनापुरतं नसतं. जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असतं. गळक्या वर्गखोलीसाठी मी प्रस्तावावर प्रस्ताव लिहिलेत, त्यामुळे पैसा कुठून सुटतो ते मला पाठ आहे.

अदितीताईंना वडिलांमुळे दार उघडलं, हे खरंच. पण पुढचंही लिहा की! २०१७ ला जिल्हा परिषद अध्यक्षा (मी निवृत्त झाले तेव्हा त्याच होत्या), २०१९ ला श्रीवर्धनच्या आमदार, मग ठाकरे सरकारात राज्यमंत्री, शिंदे आणि फडणवीस सरकारांत महिला व बालविकास मंत्री. शिंदे सरकारच्या ९ ऑगस्ट २०२२ च्या विस्तारात १८ जणांनी शपथ घेतली, त्यांत एकही बाई नव्हती. जुलै २०२३ मध्ये या आल्या, तोवर महिला व बालविकास खातंसुद्धा पुरुष मंत्र्याकडे! ते मला आजही बोचतं. युतीत जो तो आपल्या वाट्याच्या खुर्च्या मोजतो, आणि बाईसाठी खुर्ची दुसऱ्याने सोडावी असं प्रत्येकाला वाटतं. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळातही ४२ जणांत चौघीच. आमच्या बेलापूरच्या मंदा म्हात्रे तर तीनदा निवडून आल्या, शेवटच्या वेळी अवघ्या ३७७ मतांनी. त्यांचं नाव त्या यादीत नव्हतं.

शाळेच्या जनरल रजिस्टरात मी आयुष्यभर मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असंच लिहीत आले. आईसाठी फार तर शेजारचा रकाना. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लावायचा निर्णय अदितीताईंच्याच खात्याचा. गेल्या महिन्यात नातीचा प्लेग्रुपचा अर्ज भरताना मुलाने तिच्या नावापुढे आधी सुनेचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

जाब विचारायचा तिथे जरूर विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला तो पन्नासहून अधिक दिवस चालला, तेव्हा खातं यांच्याकडेच होतं. जुलै २०२४ मध्ये आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या अकरा जणींचे लाडकी बहीण योजनेचे अर्ज मी माझ्या मोबाइलवर भरले. ओटीपी येईना म्हणून रात्री दहापर्यंत त्या जिन्यात बसून राहिल्या होत्या. दीड हजाराचे एकवीसशे करू, असं महायुतीने निवडणुकीत सांगितलं होतं. त्यातली एक जण अजून विचारते, ‘‘बाई, एकवीसशे कधी?’’ मी काय सांगणार? तुमचा वार्ताहर मंत्रालयात जातो. त्याने अदितीताईंनाच विचारावं आणि त्यांचं उत्तर त्यांच्या नावाने छापावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नेरुळ, नवी मुंबई