बाबा, बिट बदलण्याआधी बॅटरी काढा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही बॅटरीवरचं ड्रिल घेतलंत हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हिला ते माझ्या हातात नकोच आहे. तसं अजिबात नाही. आपली कामं आपण करायची, कुणाची वाट बघत बसायचं नाही, हा तुमचा स्वभाव मला फार प्रिय आहे. फोनवर मात्र यंत्राचा विषय निघाला की "बरं बरं, कळलं" म्हणून तुम्ही तो मिटवता. म्हणून कागदावर लिहितेय. वाचून झालं की हे पत्र ड्रिलच्या पेटीतच ठेवा. आणि आई, हे तुलाही लिहिलंय, नुसतं बाबांना वाचून दाखवायला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदा. बिट, म्हणजे भोक पाडणारी पुढची सळई, बदलायचं असो, चक, म्हणजे बिट धरून ठेवणारा जबडा, घट्ट करायचा असो, अडकलेलं बिट सोडवायचं असो की काम संपवून ड्रिल ठेवायचं असो, आधी बॅटरी काढायची. वायरच्या ड्रिलचा प्लग उपसला की मन निश्चिंत होतं. इथे प्लगच नाही. वीज मुठीच्या खाली बसलेली असते आणि मूठ धरली की बोट आपसूक ट्रिगरवर जातं, कारण ती मूठच तशी घडवलेली आहे. ट्रिगरच्या वर एक आडवी कळ आहे, ती एका बाजूला ढकलली की बिट सुलट फिरतं, दुसऱ्या बाजूला ढकलली की उलट. ती मधोमध ठेवली तर ट्रिगर दाबला जात नाही. ड्रिल घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाताना कळ मधोमध हवी. पण बिटाला हात लावायचा असेल तेव्हा तेवढ्यावर विसंबू नका. कळ धक्क्यानं सरकू शकते. काढून बाजूला ठेवलेली बॅटरी आपोआप जाऊन बसत नाही.

चक एका हातानं घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हातानं ट्रिगर दाबून बिट आवळायचं, असं करणारे कारागीर तुम्ही पाहिले असतील. त्यांचं बघून ते करू नका. फिरता चक तळहाताची कातडी सोलून काढतो, आणि बाबा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. साधं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागतो. चक हातानंच पिळा, भरपूर पिळता येतो. बिट चकच्या तिन्ही जबड्यांच्या बरोबर मध्ये बसलंय ना, ते डोळ्यांनी बघा. बारीक बिट पुष्कळदा दोनच जबड्यांच्या फटीत अडकतं आणि आपल्याला वाटतं बसलं. बॅटरी लावल्यावर भिंतीला टेकवण्याआधी हवेत हळू फिरवून टोकाकडे बघा. टोक जागच्या जागी फिरलं तर ठीक. ते गोल काढत असेल तर बॅटरी काढा आणि बिट पुन्हा बसवा.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. लोकांना वाटतं, ड्रिलचा धोका टोकाशी असतो. तो असतोच, पण तुमच्या वयात जास्त धोका मुठीकडच्या बाजूला आहे. आईनं पेटीचा फोटो पाठवला होता, त्यावर १८ व्होल्ट आणि ५० न्यूटन-मीटर असं लिहिलंय. दुसरा आकडा म्हणजे पिळाची ताकद. बिटाच्या रेषेपासून तुमची मूठ साधारण १० सेंटीमीटर खाली असते. बिट एकदम अडकलं तर ती सगळी ताकद उलटी फिरून मुठीवर येते, आणि १० सेंटीमीटरवर ५० न्यूटन-मीटर म्हणजे ५०० न्यूटन, जवळजवळ ५० किलो वजनाची ओढ. तीही एका झटक्यात. बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत असतं, त्यामुळे मूठ उजवीकडे उसळते आणि मनगट बाहेरच्या बाजूला पिळवटतं. पेटीत एक बाजूचा दांडा आहे, तो पुष्कळ जण कधीच लावत नाहीत. तो लावा. डाव्या हाताची पकड रेषेपासून २० सेंटीमीटरवर गेली तर तोच झटका निम्म्या जोरानं आवरता येतो. भिंतीत भोक पाडताना तो दांडा लावलेला असलाच पाहिजे.

बिट अडकतं कुठे, हे माहीत असलं की हात आधीच सावध राहतो. काँक्रीटमध्ये लोखंडी सळई लागली की अडकतं. लाकडात गाठ आली की अडकतं. आणि पत्रा किंवा फळी आरपार जाण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी अडकतं, कारण तेव्हा आपण सगळा भार टाकून रेटत असतो आणि उरलेला पातळ पापुद्रा बिटाच्या धारेला पकडतो. म्हणून शेवटाकडे जोर कमी करायचा. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, कोपर अंगाजवळ ठेवायचं, आणि आवाज जड झाला की ट्रिगर लगेच सोडायचा. अडकलेलं बिट ट्रिगरचे झटके देऊन मोकळं करायला जाऊ नका. बॅटरी काढा, चक सैल करा, ड्रिल बाजूला घ्या आणि मग बिट पान्यानं उलटं फिरवून काढा.

वरच्या बाजूला १ आणि २ असं लिहिलेली सरकती कळ म्हणजे गिअर. १ वर वेग कमी आणि पीळ जास्त, २ वर वेग जास्त आणि पीळ कमी. चकच्या मागच्या कड्यावर आकडे आहेत आणि शेवटी बिटाचं चित्र आहे. आकड्यांवर असताना ठरावीक पीळ झाला की आतला क्लच कट-कट करत सुटतो आणि हाताला झटका बसत नाही. चित्रावर क्लच सुटतच नाही. कडं कायम त्या चित्रावर ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी वाईट सवय आहे. स्क्रू पिळायचा असेल तेव्हा लहान आकड्यापासून सुरुवात करा, स्क्रू पूर्ण बसला नाही तर एकेक आकडा वाढवा.

आई, म्हणूनच मी म्हणते की स्क्रू लावायचं काम तू कर. क्लच ३-४ वर ठेवला तर तुझ्या मनगटावर काहीच येत नाही, आणि तुझा हात बाबांपेक्षा स्थिर आहे. भिंतीतलं भोक मात्र तू पाडू नकोस. तुझ्या हाडांच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी मनगट जपायला सांगितलंय, ते आठव. आणि बाबा स्टुलावर असताना खाली स्टूल धरून उभी राहू नकोस. बॅटरीसकट हे ड्रिल दीड-दोन किलोचं असतं. ते हातातून निसटलं तर खाली तुझं डोकं असतं.

खरं म्हणजे बाबांनी स्टुलावर चढून ड्रिल चालवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डोक्याच्या वरचं भोक तुम्ही पाडायचं नाही, बाबा. मान मागे टाकून वर बघितलं की तुम्हाला गरगरतं, दोन्ही हात यंत्रावर असल्यानं आधाराला एकही हात उरत नाही, आणि त्यात वर सांगितलेला झटका बसला तर माणूस जमिनीवरच येतो. पडद्याची दांडी, छताजवळचा हूक, पंखा, ही कामं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. छातीपासून कमरेपर्यंतच्या उंचीवर तुम्हाला करण्यासारखी पुष्कळ कामं आहेत. यावर आपलं भांडण झालं तरी चालेल.

भिंतीतल्या वायरींचं. बॅटरीच्या ड्रिलचा मोठा फायदा असा की घराचा मेन स्विच बंद करूनही ते चालतं. हा फायदा दर वेळी घ्या. ड्रिलला वायर नाही म्हणजे शॉक लागणार नाही, असा समज होतो. पण बिट भिंतीतल्या जिवंत वायरीत घुसलं तर वीज धातूच्या चकपर्यंत येते. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंच्या सरळ रेषेत वायरी असतात असं धरूनच चाला आणि तो पट्टा सोडा. जुन्या घरात त्या तिरक्याही नेलेल्या असतात, म्हणून नुसत्या अंदाजावर भागत नाही, मेन बंदच हवा. भिंतीच्या पलीकडे नळ किंवा बेसिन असेल तर आत पाइप असणार, तेही बघा. बिटावर हव्या त्या खोलीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं.

वीट आणि काँक्रीटसाठी टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवलेलं बिट लागतं, आणि कडं हातोडीच्या चिन्हावर हवं, म्हणजे बिट फिरता फिरता ठोकेही देतं. लाकूड, लोखंड आणि टाइल यांना हातोडी चालत नाही. टाइलवर ठोके बसले की ती तडकते. तिच्यावर आधी चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरत नाही, टाइलचंच बिट लावून हळू वेगानं टाइल पार करा, आणि नंतर बॅटरी काढून बिट बदला, हातोडी लावा.

भोक पाडताना बिट मधूनमधून बाहेर घेत जा, म्हणजे भुकटी निघते. हे किती महत्त्वाचं आहे याचा एक दाखला तुम्हाला आवडेल. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत अंतराळवीर डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर बॅटरीवरच्याच ड्रिलनं भोकं पाडली. त्या ड्रिलच्या लांब दांड्याच्या सांध्यांपाशी भुकटी वर आणणारे आटे उथळ होते. भुकटी तिथे दाटली आणि दांडा जमिनीत आवळून बसला. मातीचा नमुना भरलेली एक वेगळी नळी उपसायला स्कॉट आणि त्याचा सोबती आयर्विन दोघांना खांदा लावावा लागला. पुढच्या मोहिमेसाठी तो दांडा बदलला आणि नळी उपसायला जॅक दिला. इथे आपल्या भिंतीतही दाटलेली भुकटीच बिट आवळते.

ती भुकटी साधी नाही. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत सिलिका असते, तिचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात ते बाहेर येत नाहीत. एन-९५ मास्क लावा, एकाच भोकासाठीसुद्धा. धूळ झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आई, धूळ बसेपर्यंत तू त्या खोलीत थांबू नकोस. बाबा, वाचायचा चष्मा डोळ्यांचं रक्षण करत नाही, तो बाजूनं उघडा असतो. चष्म्यावरून घालता येतात असे गॉगल मी पाठवतेय. हातोडीच्या आवाजासाठी कानात बोळे घाला. सैल बाही दुमडा, गळ्यातली साखळी आत घाला, ओढणी बाजूला काढून ठेवा. हातमोजे घालू नका. फिरतं बिट त्यांचा धागा पकडतं आणि धाग्यामागून बोट जातं.

छोटा लाकडाचा तुकडा मांडीवर किंवा हातात धरून त्यात भोक पाडायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच, तरी सांगते. क्लॅम्पनं टेबलाला आवळायचं. लोखंडात भोक पाडायचं असेल तर आधी सेंटर पंचानं खूण ठोका, म्हणजे टोक सरकणार नाही, आणि झाल्यावर बिटाला लगेच हात लावू नका, भाजेल.

बॅटरीबद्दल थोडं. आत ३.६ व्होल्टच्या पाच लिथियम-आयन सेलची रांग आहे, म्हणून १८ व्होल्ट. ज्या तिघांना या बॅटरीसाठी २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. तुम्हाला हे सांगायचं कधीपासून मनात होतं. बॅटरी सोबत आलेल्या चार्जरवरच लावा, कडक पृष्ठभागावर, तुम्ही जागे असताना, अंथरुणाजवळ कधीच नाही. उन्हात तापलेली किंवा नुकतीच दमवलेली बॅटरी आधी गार होऊ द्या. सुटे खिळे आणि स्क्रू तिच्यासोबत एका डब्यात ठेवू नका, तिच्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर ठिणगी उडते. उंचावरून पडलेली, फुगलेली किंवा वास येणारी बॅटरी पुन्हा वापरायची नाही, आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही. ई-कचरा घेतात तिथे द्यायची. नातवंडं आली की बॅटरी एका कपाटात आणि ड्रिल दुसऱ्या.

गॉगलच्या पुडक्यात दोन क्लॅम्प आणि मास्कही टाकलेत. ते मिळेपर्यंत भिंतीला हात लावू नका. तोवर कड्यावरचे आकडे, गिअर आणि आडवी कळ बॅटरी न लावता हाताळून बघा, दोघंही. आणि बाबा, फळी लावायची आहे त्या भिंतीचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, स्विचबोर्ड आणि नळ दिसतील असे. उंची मोजून तीही कळवा.

तुमची,
लेक