पिंट्या, तिला 'खुश राहा' म्हणायचं आधी बंद कर

प्रिय पिंट्यास,

आईचा आशीर्वाद. इकडं पारा 42 च्या वर गेलाय, नळाला पाणी आज रात्री येणारे म्हणून जागीच आहे, म्हणलं तेवढ्यात लिहून घ्यावं. मोठं होणारे, ऑफिसात घाईघाईत वाचू नको, जेवण झाल्यावर निवांत वाच. मयुरीला दाखवायचं का नाही ते तू ठरव.

परवा फोनवर तू म्हणलास की आई, मयुरी दिवस गेल्यापासून कशावरून पण रडतीय, कुकरची शिट्टी एक जास्त झाली म्हणून रडली, आणि मी रोज सांगतो तिला खुश राहा, बाळावर परिणाम होतो. तुझी काळजी कळते रे मला. पण हे 'खुश राहा' जे आहे ना ते औषध नाही, ते तिच्या डोक्यावर अजून एक काम आहे. आधीच उलट्या, ऑफिस, झोपेचं खोबरं, त्यात आता हसत पण राहायचं, आणि नाही हसली तर बाळाचं वाईट होणार आणि दोष कुणाचा तर तिचाच. म्हणजे रडू आलं की वरनं अपराधी पण वाटणार. तिच्या आईचा तोच धोशा, तुझ्या आत्याचा तोच, मोबाईलवर ते गर्भसंस्कारवाले आहेतच. घरात एक तरी माणूस असा पाहिजे ज्याच्यापुढं तिला खुश दिसायची गरज पडत नाही. तो तू हो. मला एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं पाल्हाळ समज.

आता पाल्हाळ. तू म्हणशील आई काय लेक्चर देऊलालीय, पण इतकी वर्षं अंगणवाडीत काढली, वस्तीतल्या किती गरोदर बायका बघितल्या त्याला हिशोब नाही. दिवस गेले की पहिल्या तीन महिन्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स झपाट्यानं वाढतात, आणि ती काय फक्त गर्भाशयापुरती थांबत नाहीत, मेंदूवर पण त्यांचा अंमल चालतो, त्यानं सुस्ती येते, चिडचिड होते, सकाळी हसलेली बाई दुपारी कारण नसताना रडते. वास सहन होत नाहीत. मागच्या वेळी मी पाठवलेली शेंगा चटणी तिनं डबा न उघडता शेजारी देऊन टाकली म्हणून तू मला सॉरी म्हणत होतास, अरे मला काहीच वाटलं नाही त्याचं, लसणाचा वास आहे तो, तिच्या जागी मी पण दिली असती.

पुस्तकात लिहिलेलं असतं की चौथ्या-पाचव्यात बरं वाटायला लागतं, आणि बऱ्याच जणींना वाटतं पण. पण सगळ्यांची शरीरं पुस्तक वाचून चालत नाहीत. शिवाय पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्याला कळते, तोपर्यंत दोन सोनोग्राफींच्या मधे नुसता विश्वास ठेवून बसायचं, आत सगळं ठीक आहे ना हे विचारायचं कुणाला. आणि हालचाल कळायला लागली की मग दुसरी काळजी, आज का नाही हललं. (सातव्या महिन्यानंतर ती म्हणली की आज हालचाल कमी वाटतीय तर मात्र 'काही नाही गं, झोपलं असेल' म्हणून उडवून लावायचं नाही, लगेच दवाखाना. हे डोक्यात पक्कं ठेव.)

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही ती म्हणजे बाळ हवंय आणि नको पण वाटतंय हे दोन्ही एकाच बाईला एकाच दिवशी वाटू शकतं. त्यात काही वंगाळ नाही. तिचं प्रमोशन तोंडावर आलं होतं हे मला तिनंच सांगितलं होतं दिवाळीत. 2017 पासून कायद्यानं 26 आठवडे पगारी रजा मिळते हे खरं, पण सहा महिन्यानं परत गेल्यावर तिची टीम कुणाकडं असेल ते कायदा सांगत नाही. तिचे कपडे होत नाहीत, आरशात बघितलं की चेहऱ्यावर वांग, रात्री चार वेळा बाथरूमला उठायचं, मधे डोळा लागला की चित्रविचित्र स्वप्नं, बाळ कुठंतरी विसरून आले असली. असली स्वप्नं लई जणींना पडतात, त्याचा अर्थ वगैरे काही नसतो, तू गुगल करत बसू नको. आणि पुढं पुढं बाळंतपणाची भीती. कळा, टाके, सिझर, बायकांनी एकमेकींना सांगितलेल्या गोष्टी. आम्हा बायकांनाच एक खोड आहे, गरोदर बाई दिसली की आपल्या बाळंतपणाची सगळ्यात भयानक गोष्ट सांगायची. मावशीला मी आत्ताच ताकीद दिलीय.

तुला एक सांगते. विडी कामगारांच्या वस्तीत एक मुलगी होती, सातवा महिना. मांडीवर सूप बसत नव्हतं म्हणून बाजूला पाटावर ठेवलेलं, पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, परत पान घ्यायचं. आणि डोळ्यातनं पाणी चाललेलं, पण हात थांबत नव्हता. हजार विड्यांवर मजुरी, रडायला वेगळा वेळ कुठनं काढणार. मी विचारलं काय झालं गं, तर म्हणली काय नाय बाई, तुम्ही वजन लिहा. मी लिहिलं. वजन, रक्त किती, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन. मन कसं आहे असा रकाना मी कधी भरलेला मला आठवत नाही. मग गोळ्यांच्या निमित्तानं परत गेले, नुसती बसून राहिले तिच्याजवळ, पानं पुसून दिली, काही विचारलं नाही. मग निघालं हळूहळू. आधीच्या दोन मुली, आणि सासू रोज सकाळी पोटाकडं बघून सांगायची, आज गोल दिसतंय, आज टोकदार दिसतंय.

म्हणून डोहाळजेवणाचं आत्ताच बोलून ठेवते. जूनमधे सोलापुरात करू, झोपाळा बांधू, फुलांचे दागिने, जे तिला हौस असेल ते सगळं. पण वाटीखाली पेढा आणि बर्फी ठेवून तिला उचलायला लावायची ती भानगड माझ्या घरात होणार नाही. सोनोग्राफीत मुलगा का मुलगी विचारायला 1994 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि आपण पन्नास बायकांसमोर वाटीला विचारतो, आणि बर्फी निघाली की जे क्षणभर सगळ्या गप्प होतात ना ते त्या बाईला बरोबर ऐकू येतं. आत्या रुसली तर रुसू दे, तिचं मी बघते.

आता हे नीट वाच. रडणं, चिडणं, मूड बदलणं हे चालतं. पण दोन आठवडे झाले तरी दिवसातला बराचसा वेळ ती उदासच आहे, आवडत्या गोष्टीत पण मन नाही, जेवण सुटलंय, संधी असून झोप येत नाही, 'माझ्यानं होणार नाही', 'मी नसलेली बरी' असं बोलतीय, तर मग ते नुसते हार्मोन्स म्हणून सोडायचं नाही. ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, आपल्यासारख्या विकसनशील देशात गरोदरपणी शंभरात साधारण 15-16 जणींना मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन, आणि बाळंत झाल्यावर जवळपास 20 जणींना. म्हणजे लई दुर्मिळ वगैरे काही नाही. डॉक्टरकडं 10 प्रश्नांची एक एडिनबरा नावाची प्रश्नावली असते, पाच मिनिटात होते, तिच्या मॅडमना विचार. आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड बघून घ्या, हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलं तर पंडुरोग धरतात, त्यानं पण माणूस गळून जातं, आणि आपण म्हणत बसतो नखरे करतीय. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस म्हणून मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, तिचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जीव द्यायचं कधी तोंडातनं आलं तर वाट बघायची नाही, तिला एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

बाळंतपणाला ती बार्शीला जाणार आणि तू पुण्यात, हे मला जरा टोचतंय. कारण बाळ झाल्यावर ही सगळी हार्मोन्स एकदम खाली येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दूध उतरतं त्याच सुमाराला, बायका ढसाढसा रडतात. घरात पेढे वाटणं चालू आणि ही रडतीय. दोन आठवड्यात जातं ते बहुतेकींचं. पण ते दोन आठवडे तू तिकडं पाहिजेस, शनिवार-रविवार पाहुण्यासारखा नाही. रजेचं आत्ताच बोलून ठेव.

आणि उपाय सांगत बसू नको रे. तू इंजिनियर आहेस, तुला बग दिसला की फिक्स करायचा असतो. ती रडली की काय झालं एकदा विचार, सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर जवळ बस, भांडी घास, कुकर तू लाव. पप्पांना हे जमलं नव्हतं, ते त्या काळात गच्चीवर जाऊन बसायचे, पण तुझ्या वेळी नऊ महिने माझ्या साडीचा एक पण पिळा त्यांनी मला वाळत घालू दिला नाही, ते मी विसरलेली नाही.

शनिवारी तिची तपासणी आहे ना, त्या दिवशी तू पण आत जा, बाहेर गाडीत बसून मोबाईल बघत बसू नको. झोपेचं आणि रडण्याचं डॉक्टरना सांगू का असं आधी तिला विचार, ती हो म्हणली तरच बोल. घरी आल्यावर मला फोन कर, आणि तिला बोलायचं असेल तरच तिच्याकडं दे.

तुझी,
आई