बोली लावणाऱ्याची ओळख कोण तपासणार? ऑनलाइन लिलाव कंपनीला तक्रार पत्र

चाळीसगाव, जि. जळगाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग

विषय : खोट्या बोलीदारांनी नासवलेला लिलाव, त्यावर कापलेले कमिशन आणि बंद केलेले माझे विक्रेता खाते.

महोदय,

वडिलांचा यशिका-मॅट १२४जी कॅमेरा मी तुमच्याकडे लिलावाला लावला होता. कॅमेरा विकला गेला नाही, एक रुपयाही हातात आला नाही. तरी तुम्ही विक्रीचे कमिशन कापले आणि वर माझेच खाते बंद केले. मदत कक्षाला लिहिले की दर वेळी तेच तयार उत्तर येते, म्हणून आता तुमच्या नावाने सविस्तर लिहिते आहे.

कॅमेरा काय होता ते आधी सांगते, कारण मदत कक्षाच्या एका उत्तरात त्याला ‘जुना माल’ म्हटले आहे. हा दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून बघायचे, खालच्या ८० मिमीच्या भिंगातून फोटो निघतो आणि १२०च्या रोलवर बारा चौकोनी फोटो बसतात. छायाचित्रकार केकी मूस यांच्या या गावात माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, कानबाईची मिरवणूक, सगळे त्यांनी याच कॅमेऱ्यावर काढले. माहिती लिहिताना मी काहीही झाकले नाही. उजेड मोजणारे मीटर चालत नाही आणि त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बाजारात येत नाही, हे लिहिले. डाव्या कोपऱ्यात चामडे सुटले आहे, त्याचा जवळून फोटो टाकला. भिंगात बुरशी नाही हे दिसावे म्हणून मागचे झाकण उघडून, आत टॉर्चचा उजेड मारून काढलेला फोटोही दिला. विक्रेत्याने जे करायला हवे ते सगळे केले.

सुरुवातीची किंमत १२,००० रुपये होती. पहिले काही दिवस बोली सरळ चालली. नाशिकचे एक संग्राहक आणि पुण्यात फोटोग्राफी शिकणारा एक मुलगा, दोघेही नीट प्रश्न विचारून, पाचशे-पाचशेने चढत १८,५०० पर्यंत आले. मला तेवढ्यात समाधान होते. शेवटच्या संध्याकाळी मात्र दोन नवी खाती उतरली. दोन्ही त्याच आठवड्यात उघडलेली, आधीची एकही खरेदी नाही, एकही अभिप्राय नाही. दोघांनी एकमेकांवर काही सेकंदांच्या अंतराने बोली चढवत किंमत ४१,००० वर नेली. एकानेही कॅमेऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मीटर बंद असलेल्या कॅमेऱ्याला ही किंमत कुणी जाणकार देणार नाही, हे मला त्याच वेळी कळत होते.

लिलाव संपायच्या आधीच मी तुमच्याकडे तक्रार नोंदवली, दोन्ही खात्यांची नावे दिली, बोली रद्द करा म्हणून विनंती केली. विक्रेत्याला स्वतः बोली नाकारता येईल अशी सोयच तुमच्याकडे नाही. उत्तर आले ते लिलाव संपल्यावर, ‘आमच्या प्रणालीला काहीही संशयास्पद आढळले नाही.’

पुढे जे झाले ते कुठल्याही सायबर पोलिसाला तोंडपाठ असेल. जिंकणाऱ्याने माझा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला. आपण लष्करात आहोत, पोस्टिंग जैसलमेरला आहे, कॅमेरा घ्यायला आपला माणूस येईल, असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवला. मग क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा होतील. आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “पैसा येवाले पिन कसाले लागस?” तिचे बरोबरच होते. यूपीआयवर पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नाही. मी नकार दिला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या कंपनीच्या नावाने ईमेल आला. तुमचे बोधचिन्ह, तुमचे रंग, खाली तुमच्यासारखीच बारीक अक्षरे. मजकूर असा : खरेदीदाराचे पैसे आमच्याकडे जमा आहेत, कुरिअरची पावती अपलोड केली की तुमच्या खात्यात वळते होतील. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात तुमच्या नावातले एक अक्षर जास्त होते. मी तुमच्या संकेतस्थळावर लॉगिन करून पाहिले तर ऑर्डरवर ‘रक्कम येणे बाकी’ असेच होते. तो ईमेल आला त्याच दिवशी मी तुम्हाला पुढे पाठवला. हा माणूस तुमचे नाव वापरून लोकांना लुटतो आहे, याची तुम्हाला तरी काळजी वाटेल असे मला वाटले होते. त्यावर आजपर्यंत एका ओळीचे उत्तर नाही.

पैसे आले नाहीत तेव्हा तुमच्या पद्धतीनुसार दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला वस्तू देऊ करण्याचा पर्याय आला. तो दुसरा म्हणजे त्या जोडीतलाच. त्याने पहिल्याच निरोपात व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला आणि लष्कराचीच गोष्ट सांगितली, जैसलमेरच्या जागी जोधपूर एवढाच फरक. मी त्याला माल पाठवायला नकार दिला, तर तुमच्या नियमाप्रमाणे ‘विक्रेत्याने विक्री पूर्ण केली नाही’ अशी नोंद झाली. पहिल्याने मला एक तारा देऊन ‘फ्रॉड सेलर’ असे लिहिले. त्या दोन्हींच्या आधारावर माझे खाते बंद झाले. ज्यांनी फसवायचा प्रयत्न केला त्यांची खाती मात्र हे पत्र लिहिताना चालू आहेत, आणि त्यातले एक आज एका जुन्या टाइपरायटरवर बोली लावते आहे.

सगळ्यात जास्त मनाला लागले ते वेगळेच. पुण्याच्या त्या मुलाने मला निरोप पाठवला : “मॅडम, शेवटी तुमच्याच माणसांनी भाव चढवला ना?” त्याला दोष देता येत नाही. लिलावात मालकाने गुपचूप आपली माणसे उभी करून भाव चढवणे हा जुनाच प्रकार आहे आणि १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये त्याची दखल आहे. विक्रेत्याने तसा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवलेला नसेल तर स्वतः किंवा माणसाकरवी बोली लावणे बेकायदेशीर आहे आणि खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. म्हणजे तुमच्या दारातून आत आलेल्या खोट्या बोलीदारांमुळे संशयाचे बोट माझ्याकडे वळले. ज्यांच्या फोटोंवर गावाने कधी शंका घेतली नाही त्या माणसाचा कॅमेरा विकताना हे ऐकावे लागले.

आमच्याकडे लिलाव कुणाला नवीन नाही. बाजार समितीच्या आवारात शेतमालाच्या बोलीला उभे राहायचे तर व्यापाऱ्याकडे समितीचा परवाना लागतो. पैसे बुडवले तर शेतकरी कुणाच्या दारात जायचे ते जाणतो, कारण माणूस कोण आहे याची नोंद कुठेतरी असते. तुमच्याकडे माझा पॅन आहे, बँकेचे पासबुक आहे, रद्द केलेला धनादेश आहे, घराचा पत्ता आहे. बोली लावणाऱ्याचे काय आहे? एक ईमेल आणि एक मोबाईल नंबर. बांधून ठेवलेला एकटा विक्रेता आणि वाऱ्यावर मोकळा बोलीदार, हा व्यवहार मला मान्य नाही. कमिशन तुम्ही लिलाव भरवण्याचे घेता. मग बोली लावणारा खरा आहे का हे पाहणे त्याच कामात येते.

म्हणून माझी मागणी अशी. कापलेले कमिशन परत करा, खाते सुरू करा, तो खोटा अभिप्राय आणि ‘विक्री अपूर्ण’ ही नोंद काढा. त्या दोन्ही खात्यांच्या लॉगिनची, नंबरांची आणि बोलींची माहिती पुसू न देता जपून ठेवा. मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे आणि पोलीस ती मागू शकतात. नाशिक आणि पुण्याच्या दोन्ही बोलीदारांना कंपनीकडून कळवा की भाव चढवणारी खाती खोटी होती आणि विक्रेतीचा त्यांच्याशी संबंध नव्हता. हे शेवटचे माझ्यासाठी पैशापेक्षा महत्त्वाचे आहे.

आणि पुढच्यांसाठी : नव्या खात्याला ठरावीक रकमेच्या वर बोली लावायची असेल तर आधी बँक खात्याची पडताळणी किंवा अनामत घ्या. लिलाव चालू असताना संशयित बोली नाकारायचा अधिकार विक्रेत्याला द्या, पाहिजे तर कारण लिहून घ्या. तसे केल्याबद्दल विक्रेत्याला दंड नको. शेवटच्या घटकेला आलेल्या तक्रारीकडे लिलाव संपण्याआधी माणूस पाहील अशी व्यवस्था करा. एका बटणाने लिलाव काही तास थांबवता आला असता तर यातले काहीच घडले नसते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणे तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर मराठीत द्यावे आणि ते माणसाने लिहिलेले असावे.

सोबत : लिलावाचा क्रमांक, बोलींच्या यादीचे स्क्रीनशॉट, दोन्ही खात्यांचे संदेश, बनावट ईमेल, कमिशन कपातीची पावती आणि सायबर तक्रारीची पोच.

आपली,
एक नोंदणीकृत विक्रेती, चाळीसगाव