शेरूच्या घड्याळाने

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गाडीच्या प्रवासाचा नकाशा पाहिला. हमरस्ता सोडून शेतांमधून जाणारे रस्ते निवडलेस, फार आवडलं. वेळापत्रक मात्र तुझ्या सोयीचं आहे, आपल्या कुत्र्याच्या, शेरूच्या नाही. सकाळी दहाला कसली निघतेस? पहाटेच निघ, ऊन चढलं की सावली बघून थांब आणि उन्हं कलली की पुढे चाल. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही थोडाच. बाकी भिस्त धापा टाकण्यावर. हवाच तापलेली असली की धापा टाकून तरी किती गार होणार?

बंद गाडीत त्याला ठेवून 'पाचच मिनिटं' कुठेही जायचं नाही. बाहेर 24 अंश असले तरी दहा मिनिटांत आत 34 च्या आसपास होतात, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. तुम्ही दोघी आहात, आळीपाळीने उतरा. तापलेल्या डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्यालाही तिथे चालवू नकोस. तो झोकांड्या देऊ लागला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तर आधी अंगावर पाणी ओत, वारा घाल आणि मगच डॉक्टरकडे पळ.

तुझ्या बाबांना त्याचं तोंड खिडकीबाहेर काढलेलं फार आवडतं. त्यांचं ऐकू नकोस. धूळ आणि खडे डोळ्यांत जातात.

शेतांची मला खरी काळजी वाटते. वाळलेल्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात, आणि पुढेच सरकत राहतात. रोज संध्याकाळी चाचपून बघ, गोचिडीही तेव्हाच सापडतील. नुकती फवारणी झालेल्या पिकात त्याला सोडू नकोस. खत म्हणून टाकलेल्या एरंडीच्या पेंडीचा वास कुत्र्यांना ओढतो आणि तिच्यातलं विष जीव घेऊ शकतं. हिरवी साय धरलेल्या डबक्यातलं पाणी त्याच्या तोंडी लागता कामा नये; घरचं पाणी भरपूर ने.

गुरं दिसली की दोरी आखूड धर. वासरू सोबत असलेली गाय कुत्र्यावर धावून येते. तशी आलीच तर दोरी सोडून दे. तिचा राग त्याच्यावर असतो आणि तो तिच्यापेक्षा चपळ आहे. त्याला उचलून घेतलंस तर मार तू खाशील. कुणाच्याही बांधावर जाण्याआधी मालकाला विचार, आणि उघडलेलं फाटक लाव.

निघण्याआधी तीन-चार तास त्याला खायला देऊ नकोस, वळणांवर ओकतो. लसीकरणाची वही माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. त्याच्या गळपट्ट्याची कडी सैल झाली आहे, नवा घे आणि त्यावर तुझा फोन नंबर कोरून घे.

तुझी,
आई