पाचर ठोकलेला स्टार्टर

महोदय,

कुपवाड एमआयडीसीत मी २२ वर्षं मोटारी भरतो, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळतो. परवा एका कारखान्यातली साडेसात एचपीची पाण्याची मोटार महिन्यात दुसऱ्यांदा जळून आली आणि ‘तुमचं वाइंडिंगच कच्चं’ म्हणून मालक माझ्यावर तापले. जाऊन डीओएल स्टार्टरची (मोटार थेट लाइनवर चालू करणाऱ्या स्विचची) पेटी उघडली. ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा करंट ओढला की ट्रिप होऊन मोटार बंद करणारा भाग, ११ अँपिअरवर हवा, तो १६ वर फिरवलेला. वर कॉन्टॅक्टर (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटू नये म्हणून लाकडी पाचर! म्हणजे रिले ट्रिप झाला तरी मोटार चालूच.

रिले का ट्रिप व्हायचा, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मधल्या फेजचं टर्मिनल ढिलं, वायरचं टोक कोळशासारखं काळं, इन्सुलेशन बोटाला लागताच गळालं. मोटार तीनऐवजी दोनच फेजवर जादा करंट ओढत होती, म्हणून रिले ट्रिप व्हायचा. कॉन्टॅक्टर घुरघुरत असेल तर आधी व्होल्टेज तपासावं, मग मेन बंद करून त्याच्या चुंबकाच्या तोंडावरची गंज-धूळ पुसावी. (पेटीत शिरणाऱ्या मुंग्या आणि पालींचं तर विचारूच नका.)

पाण्याच्या दाबानुसार पंप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचंही तसंच. तो सारखा टकटक चालू-बंद होतो, तेव्हा लोक स्विचच बदलतात. बहुतेकदा प्रेशर टाकीतली हवा गेलेली असते. पंप बंद करून, पाणी सोडून हवा मोजावी. तिचा दाब कट-इनपेक्षा, म्हणजे पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा, किंचित कमी हवा.

ती पाचर मी दुकानात टांगून ठेवली आहे. मालकांनी बिल मात्र अजून दिलेलं नाही.

– एक मोटार रिवायंडर, कुपवाड (सांगली)